मागच्या खोलीचं दार उघडू नकोस

दादा,

तुझा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतेय. मागच्या खोलीचं दार उघडू नकोस. गब्दुल आत आहे. कितीही केविलवाणा रडला तरी उघडू नकोस. कालपासून तो पाण्याला तोंड लावत नाही, तोंडातून लाळ गळतेय, आणि आवाज इतका घोगरा झालाय की मला दुसरंच कुत्रं वाटलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर आधी हेच विचारलं, "रेबीजची लस कधी दिलीत?" कार्ड काढलं, तर रकाना कोरा. "अजून पिल्लू आहे, बाहेर जातंय कुठे? मोठा झाला की बघू," असं तू म्हणालास आणि मीही मान डोलावली. डॉक्टरांना विचारायला कुणीच गेलं नाही. आता तो सात महिन्यांचा आहे. डॉक्टर चार वाजता माणसं घेऊन येतील. त्यांनाच आत जाऊ दे.

मी तुझ्या चिंगीला घेऊन हॉस्पिटलात जातेय. परवा खेळताना गब्दुलचा दात तिच्या मनगटाला लागला. तू त्याला मारशील म्हणून पोरगी बाही खाली ओढून गप्प राहिली. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतली आहे. इंजेक्शनं आजच सुरू करायची आहेत.

डॉक्टर आले की तूही लगेच हॉस्पिटलात ये. गब्दुल रोज तुझे हात चाटतो, आणि सुतारकामाने तुझी बोटं कायम सोललेली असतात.

"आत्या, गब्दुल बरा होईल ना?" असं चिंगी सारखं विचारतेय. तिला काय सांगायचं, ते तू ठरवून ये.

छोटी