खोडलेली उत्तरं

पेरेइरा, गुरुवार

बाबा, आधी आशीर्वाद द्या.

मी बरी आहे. सर्दी गेली, जेवण वेळेवर होतं, आईला तसं सांगा.

कॉफी चाखणाऱ्यांच्या परवान्याची परीक्षा काल चौथ्यांदा दिली. तीन कपांत दोन सारखे असतात, वेगळा तेवढा ओळखायचा. मागच्या तिन्ही वेळा मी यातच नापास झाले.

परवा आम्हाला चाखायला शिकवणाऱ्या मारूखाबाईंनी माझे जुने पेपर पुढ्यात ठेवले. म्हणाल्या, "ओदिलिया, तुझी जीभ बरोबर सांगते गं. तूच घाबरून खोडतेस." खरंच, खोडलेली बहुतेक उत्तरं बरोबर होती.

काल दोनदा खोडायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. ती दोन उत्तरं चुकली असतील का, हाच विचार सकाळपासून डोक्यात आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? मळ्यातली कॉफीची फळं लाल झाली का? व्यापारी आपल्या कॉफीला हलकी म्हणाला तर ऐकून घेऊ नका. परवाना मिळाला की तिची चव मीच लिहून देईन.

निकाल सोमवारी आहे. पास झाले तर मंगळवारच्या बसने येते. बसमधून उतरले नाही, तर पाचव्यांदा तयारीला लागले असं समजा.

तुमचीच,
ओदिलिया