लाल गाडीशेजारची पिवळी

दादा,

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो. माझ्या पोटात दुखतंय.

डॉक्टरांनी तुझं गाडी चालवणं बंद केलं आणि तू तुझी जुनी लाल इटालियन स्पोर्ट्सकार मला देऊन टाकलीस. माझ्या पिवळ्या गाडीला जोड मिळाली म्हणून सगळे पाठ थोपटतात. पण येतो तो लालकडेच वळतो. पिवळीला टेकून लालचे फोटो काढतात, मेले.

काल बायकोला विचारलं, "फिरायला कुठली काढू?"

"भाऊजींची काढा."

"ती आता माझी आहे," म्हटलं, तर हसली.

दादा, पिवळीही तूच घे. तुझ्या दारात उभी राहिली की तिच्याकडेही लोक बघतील.

तुझा,
जोडीतला दुसरा