वाचनालयामागचा एकुलता एक चार्जर

सोमवार, ३ मार्च
लेक रविवारी येतेय. विमानतळावर तिला आणायला मी जाणार. मीच. गेल्या वेळी माझी इलेक्ट्रिक गाडी अर्ध्या वाटेत मान टाकून बसली आणि पोरगी मामाच्या पेट्रोलच्या गाडीतून घरी आली. तो मेहुणा अजून चारचौघांत रंगवून सांगतो. आज फोनवर लेक म्हणाली, बाबा, तू दगदग करू नकोस, मामाला सांगते. म्हटलं, खबरदार.
संकल्प: रविवारी बॅटरी शंभर टक्के. आणि आठवडाभर चिडायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च
सोसायटी पार्किंगमध्ये प्लग बसवू देत नाही, म्हणून गावभर वणवण. अ‍ॅपवर चार चार्जर हिरवे. पोहण्याच्या तलावाजवळचा बंद. मॉलच्या तळघरातल्यासमोर खोक्यांची थप्पी. तिसरा सापडलाच नाही. तिथे केशकर्तनालय आहे. चौथा, वाचनालयामागचा, चालू. पण त्याला दातांच्या डॉक्टरची निळी गाडी चिकटलेली. फुल्ल होऊनही जागची हलत नाही. वॉचमन म्हणाला, दवाखाना सुटला की नेतील. तळपायाची आग मस्तकात गेली.
चिडलो मात्र नाही. नुसता हॉर्न दाबून धरला. वाचणारे सगळे खिडकीत आले.

बुधवार, ५ मार्च
पुन्हा निळी गाडी. लाज कशी वाटत नाही माणसाला? सरकारी जागा म्हणजे काय सासऱ्याचं अंगण?
तडक नगरपालिकेत गेलो. इंजिनिअर साहेबांना सुनावलं, की फुल्ल झालेली गाडी मालक हलवत नसेल तर सरळ उचला. साहेब म्हणाले, लेखी द्या. दिलं. 'मालक कोणीही असो, दयामाया नाही' हे शेवटचं वाक्य माझंच. साहेबांना फार आवडलं.

शुक्रवार, ७ मार्च
पाटी लागली. माझं वाक्य जसंच्या तसं, तेही लाल अक्षरांत. डॉक्टरने मुकाट्याने गाडी काढली. या शहराला माझ्यासारखी चार माणसं मिळाली तर सुधारेल. बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, छान. भावाला सांगून ठेवू का?


शनिवार, ८ मार्च
सकाळी गाडी लावली. दुपारी फुल्ल. काढली नाही. घरी उभी राहिली तर एखादा टक्का गळतो, आणि मी शंभर म्हणजे शंभर म्हटलंय. बायको म्हणाली, पाटीवर काय लिहिलंय? म्हटलं, ती पाटी मी लिहिलीय, मला शिकवू नकोस. नियम जागा अडवणाऱ्यांसाठी आहे. मी अडवत नाहीये, सांभाळतोय.
वॉचमनचे सारखे फोन. उचलले नाहीत. कौतुक करायला करत असेल.

रविवार, ९ मार्च, सकाळ
माझ्या जागी निळी गाडी. मला वाटलं चोरी झाली. वॉचमन म्हणाला, उचलून नेली, तेच सांगायला फोन करत होतो. साहेबांना फोन लावला. म्हणाले, उचललेल्या गाड्यांचं आवार उद्या उघडेल. मी कोण ते सांगितलं. म्हणाले, ओळखलं की. पाटी तुमचीच ना?
हलकट माणूस. उद्या याच्याविरुद्ध लेखी देणार.

रविवार, संध्याकाळ
मेहुण्याच्या गाडीतून गेलो. येताना लेक पुढे, मी मागे, तिची बॅग माझ्या मांडीवर. तिने विचारलं, बाबा, तुझी गाडी कुठेय? म्हटलं, शंभर टक्के चार्ज आहे. खोटं नाही बोललो. मेहुणा आरशातून बघत होता. एक अक्षर बोलला नाही मेला, त्याचाच जास्त राग आला.
लेक मागे वळून म्हणाली, परत जाताना सोडायला येशील ना? म्हटलं, येणार म्हणजे येणारच. ती म्हणाली, ये, पण गाडी मामाची घेऊ.
पेट्रोल मी भरणार, असं मेहुण्याला ठणकावून सांगितलं.