गिऱ्हाइकांचे कोट

१२ जानेवारी

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही, म्हणून आधी ओळख. मी तुमच्या दादांची नात. घरात मला बडबडी म्हणतात. आजोबा शिंपीकाम करायला इकडे परदेशात आले, बाबा गाड्या दुरुस्त करतात आणि मी सिनेमे करते, म्हणजे आजोबांच्या भाषेत उचापती. आता आमच्याच तीन पिढ्यांवर सिनेमा काढतेय. आजोबा कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झालेत, पण आधी दाढी करतो म्हणत त्यांनी दोन दिवस घालवले.

तुमच्याकडे त्यांचे कोटातले फोटो आहेत ना? ते मला हवेत. आजोबांनी ती गंमत हसत हसत सांगितली. दुकान दुसऱ्याचं, यांचं काम बाह्या आखूड करायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत गिऱ्हाइकाचा कोट चढवून समोरच्या स्टुडिओत फोटो. दर वर्षी नवा कोट! आणि राहायला तळघरातली एक खोली, तीत पाच जण पाळीपाळीने झोपायचे. तुम्ही भावंडं त्या फोटोंवर किती हसला असाल!

चुका पोटात घाला. मराठी आजोबांनीच शिकवलंय, तेव्हा रागवायचं तर त्यांना रागवा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बडबडी


३ फेब्रुवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

सोबत सातही फोटो पाठवतेय. काम झालं की परत कर.

पोरी, आम्ही हसलो नाही. मला हे तुझ्या पत्रातून कळलं. माझ्या लेखी दुकान दादाचं आणि कोटही दादाचे. माझे यजमान गेले तेव्हा मुलगा सतराचा होता. भाच्याला तुझ्या दुकानात घे, असं मी दादाला कळवलं. दोन ओळींचं उत्तर आलं, की सध्या जमण्यासारखं नाही. एवढ्या मोठ्या दुकानदाराला एक पोर जड झालं, असं मी धरून बसले. त्यानंतर त्याला एक अक्षर लिहिलं नाही. त्याची पत्रं आली, ती न उघडता ठेवली. याला अडतीस वर्षं झाली.

तुझी आजी आणि बाबा तेव्हा अजून इकडेच, तिच्या माहेरी होते. स्वतःच्या बायकापोरांना जो नेऊ शकत नाही तो माझ्या पोराला कुठून नेणार, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही. रागाला डोळे नसतात म्हणतात ते खोटं नाही.

तुझ्यावर राग नाही. येत जा अशीच, पत्रातून का होईना.

आत्याआजी


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

नातीने सगळं सांडून झाल्यावर मला सांगितलं. तुला ठाऊकच असेल असं तिने गृहीत धरलं. आधी तिच्यावर ओरडलो, मग कागद घेऊन बसलो.

पहिला फोटो आईसाठी काढला होता. पोरगा थंडीत कुडकुडत असेल, म्हणून ती झुरत होती. एका गिऱ्हाइकाचा कोट तयार होऊन टांगला होता, तो घातला. तू लिहिलंस की आख्खी गल्ली फोटो बघायला आली. मग पुढच्या वर्षी साध्या सदऱ्यातला कसा पाठवणार?

तुझं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. नवरा गेलेल्या बहिणीला काय सांगू, की भाऊही कफल्लक आहे? आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार? पण तेवढं सांगायची लाज वाटली गं. माझ्या लाजेपायी भाच्याचं आयुष्य अडलं का, हे मी अजून मनाला विचारतो.

कोटाचा भाग सिनेमातून काढ, असं नातीला सांगितलंय. तू म्हणशील तर राहील. वाटेल तेवढं रागव, पण आता लिहीत जा.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तो भाग काढू नकोस. लोकांना कळू दे, कसे दिवस काढलेस ते.

आता माझं ऐक. इतकी वर्षं मी पोराचे कान तुझ्याविरुद्ध भरले. मामा माजला, मामाला रक्ताची ओळख राहिली नाही, हे ऐकत तो मोठा झाला. तो तुझं नाव काढत नाही, ते माझ्यामुळे. खरं सांगू? राग होता म्हणूनच मी ताठ उभी राहिले.

काल तुझं पत्र घेऊन त्याच्यासमोर बसले. तो शाळेत गणित शिकवतो, वह्या तपासत होता. सगळं वाचून दाखवलं. त्याचं आयुष्य अडलं का, ही ओळ त्याने पुन्हा वाचायला लावली. मग पेन ठेवून म्हणाला, की मामाला कळव, मला जायचंच नव्हतं. तुझा नकार आला त्या दिवशी तो मागच्या अंगणात जाऊन आनंदाने रडला होता, आईला सोडून जावं लागणार नाही म्हणून. मी इतकी चिडले होते, की मला सांगायची त्याची छाती झाली नाही.

दादा, मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तुला जायचंय का रे. मग इतकी वर्षं मी भांडले कुणासाठी?

लोभ असू दे, राहून गेलेल्या वर्षांचाही.

तुझी,
धाकटी