गुळातली गोळी

धायरी,
१८ नोव्हेंबर २००२, सकाळ

चि. सौ. नम्रतास आशीर्वाद.

डब्यात दोडक्याची भाजी आहे. ऋतुजासाठी मऊ भात वेगळा ठेवलाय. अमेरिकेहून सुदर्शनचा फोन आला होता. सगळं ठीक आहे म्हटलं. एवढ्या लांबून माझा भाऊ काय करणार?

तुलाही काल दोनदा फोन लावला आणि ‘जेवलीस का’ विचारून ठेवून दिला. म्हणून शंभूच्या रिक्षातून डब्याबरोबर ही चिठ्ठी पाठवतेय. वॉर्डात डॉक्टर यायच्या आत वाच.

तू पुन्हा कंपनीत जायला लागल्यापासून सव्वा महिना तुझी लेक माझ्याकडे होती. तिच्या पांढऱ्या पेशी हव्या तेवढ्या खाली येईनात, तेव्हा तू मला विचारलंस, गोळ्या चुकल्या नाहीत ना? मला राग आला. वीस वर्षं अंगणवाडी सांभाळलेल्या बाईला हे विचारायचं? एकही गोळी चुकली नाही, नम्रता. एक जास्तच दिली.

काल डॉक्टरांनी समजावलं ना, रक्ताच्या कॅन्सरवरची आठवड्याची ती गोळी फॉलिक ॲसिडचं सोंग घेते. आजारी पेशीला वाढायला ते लागतं, ती फसून हिलाच धरते आणि वाढ खुंटते. तू मान डोलावत होतीस. अंगणवाडीच्या भिंतीवर मीच रंगवलंय, ‘रक्तवाढीसाठी लोह व फॉलिक ॲसिड’.

पोर पांढरीफटक दिसायची, मला बघवेना. त्यातलीच एक लाल गोळी रोज कुटून गुळातून दिली. औषध त्या पेशींना उपाशी मारायला बघत होतं आणि मी मागच्या दाराने त्यांना जेवण पोचवत होते.

आज डॉक्टर डोस वाढवणार आहेत. आधी त्यांना हे सांग. लाल गोळी आता बंद झालीय, म्हणजे आधीचाच डोस पुरता लागू होईल; त्यात वाढीव डोस तिला झेपेल का, ते विचार. गोळ्यांचं पाकीट डब्याखाली ठेवलंय, तेही दाखव.

तिला पुन्हा माझ्याकडे ठेवायचं की नाही ते तू ठरव. मी रुसणार नाही.

अजून एक. काल नर्सने ‘आणखी काही औषध देता का?’ विचारलं, तेव्हा ऋतूने माझ्याकडे पाहिलं आणि ‘नाही’ म्हणाली. आईला सांगायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. सहा वर्षांच्या पोरीने शब्द पाळला, आणि मी तिथे गप्प उभी राहिले. तिला सांग, आत्याने सगळं सांगून टाकलंय, आता तू काही लपवू नकोस.

डबा परत येईपर्यंत दारातच बसलेली,
प्रेमलाताई