मिनूएवढे गुण

१२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्राला उशीर झालाय, तेव्हा मी कान पकडून उभी आहे असं समज.

निकाल लागला. इतका चांगला लागला, की बाबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चष्मा न्यायला आलेल्या दोघांना उद्या या म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्या किती जिवावर येतं ते तुला माहीतच आहे. मला शेजारी बसवून त्यांनी गुणपत्रिका दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा वाचली आणि म्हणाले, की तुझी आई असती तर आज तिने काय केलं असतं कोण जाणे. मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

मला वाटायचं, चांगले गुण पडले की शिष्यवृत्ती आपल्या पायाने दारात येते. तसं काही नसतं गं. शाळेतल्या बाईंनी समजावलं, की कॉलेजं गुणांवर फी माफ करतात, पण त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. वरच्या पायरीला पूर्ण माफी, खालच्या पायरीला अर्धी. मी वरच्या पायरीला नाक लावून खाली उभी आहे. अर्ध्या माफीत आपलं भागणार नाही, हे बाबांच्या तोंडाकडे पाहूनच कळतं. म्हणून बाई आणि मी दिसेल तिथे अर्ज टाकतोय. बँका, कारखान्यांचे निधी, कुणाकुणाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या देणग्या.

त्यातल्या एका ठिकाणाहून उत्तर आलंय. एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको आपल्या गेलेल्या मुलीच्या नावाने शिष्यवृत्ती देतात. पूर्ण फी, शिवाय राहणं-जेवण त्यांच्याच घरी, आणि कॉलेज तिथून चालत जाता येईल इतकं जवळ. भेटायला बोलावलंय. तू विणलेला निळा स्वेटर घालून जाऊ ना?

कान कसा आहे? फोन करत नाही म्हणून फुगू नकोस. फोनवर निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनाने लावते, असं तूच म्हणतेस.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी चिंगी


१९ एप्रिल

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा, कारण निकालाची बातमी मला शिळी झाल्यावर मिळाली.

तुझं पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर आलं. काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि त्या भरात एका आजोबांना त्यांनी मागितलेल्या पुस्तकाऐवजी बागकामाचं पुस्तक देऊन टाकलं. ते बिचारे तसेच घेऊन गेले. आज परत करायला आले तेव्हा मी त्यांना तुझे गुण सांगितले, तर म्हणाले की मग ठीक आहे. अख्ख्या वाचनालयाला माहीत झालंय आता.

निळा स्वेटर घाल. पण फुकट राहणं-जेवण म्हटलं की मला शंका येते. कुणाचं वाईट चिंतत नाही मी, पण अट काय आहे ते आधी विचार. आणि मुलगी कशी गेली, कधी गेली, ते विचारायचं नाही. ते आपणहून सांगतील. ज्यांचं मूल गेलंय ती माणसं हवापाण्यावर बोलत असली तरी मुलाबद्दलच बोलत असतात.

बाकीचे अर्ज थांबवू नकोस. एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

रागावले तरी जीव तुझ्यातच आहे, हे ध्यानात ठेवून लिहीत जा.
आत्या


३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. स्टेशनवरून चालताना पावसाची एक सर आली आणि मी भिजूनच दारात उभी राहिले. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी दार उघडलं, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आलीस. कोण तू, कुठून आलीस, काहीच नाही. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून टॉवेलने माझे केस पुसले. आत्या, रागावू नकोस, लहानपणी तूही पुसायचीस, पण तू कायम घाईत असायचीस आणि माझे कान सोलून निघायचे. काकूंना कसलीच घाई नव्हती. मला रडू आलं. पाणी डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं.

त्यांच्या मुलीला मिनू म्हणत. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत ती तापाने गेली. तिची वरची खोली मला मिळणार आहे. खाली सायकल दुरुस्तीवाला आहे, त्याची ठोकाठोक दिवसभर ऐकू येते. पलंगावर चादर ताठ ओढलेली, टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिली, दाराशी चपला. काकू म्हणाल्या घालून बघ. मला त्या बरोबर बसल्या.

अट विचारली. काकांनी चष्मा पुसत, दाढ का काढावी लागेल ते समजावून सांगावं तसं सांगितलं. त्यांना सगळ्यात जास्त गुणांची मुलगी नको असते. मिनूला पडले होते तेवढेच गुण असलेली हवी असते. इतकी वर्षं तशी कुणी आलीच नाही, म्हणून ते जवळपासचे गुण असलेल्या मुलींना नुसते पैसे पाठवत होते. घरात कुणाला ठेवलं नव्हतं. या वर्षी नेमके तेवढेच गुण आले, ते माझे. माझ्याहून हुशार एका मुलीचा अर्ज त्यांनी उघडून तसाच बाजूला ठेवला. आणि हो, मी परीक्षेला पुन्हा बसायचं नाही. गुण बदलले तर ते तिचे राहणार नाहीत, असं काका म्हणाले.

निघाले तेव्हा काकू मागून म्हणाल्या, मिनू, पिशवी राहिली बघ. मी वळले आणि पिशवी घेतली. काका जमिनीकडे बघत होते. माझ्या अंगावर काटा आला, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

बाकी कुठूनही होकार नाही. काय करू ते सांग, आणि आहे तेवढाच लोभ ठेव.
तुझी चिंगी


११ मे

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. या खेपेला धपाटा नाही.

तुझं पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. चपला बसल्या म्हणतेस. दुकानातल्याही बसतात, म्हणून आपण दुकानदाराची मुलगी होत नाही.

मला त्या बाईंचा राग येत नाही. मला त्यांची भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर हेवा वाटतो. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं. न्हाऊमाखू घातलं, अभ्यास घेतला, ताप आला की उशाशी बसले. पण तुझे केस सावकाश पुसायला मला कधी सुचलं नाही, हे तू लिहिलंस तेव्हा कळलं. कळलं ते बरंच झालं, पण लागलं.

आता नीट ऐक. जूनमध्ये ती परीक्षा पुन्हा होते, हे मी इथे चौकशी करून पक्कं केलंय. तिला बस. तुला एकच पायरी चढायची आहे. कॉलेजची स्वतःची माफी मिळाली, की तू गुणांवर शिकशील आणि कुणाच्या मुलीच्या जागी बसावं लागणार नाही. गुण कमी आले तर दोन्हीकडून जाशील, हे मला कळतं. तरी बस. ती माणसं वाईट नाहीत, म्हणूनच सांगते. वाईट असती तर तू स्वतःच पळाली असतीस.

बाबांशी मी बोलले. म्हणजे ते बोलले आणि मी मनाने लावलं. पण ते हो म्हणाले असं मी धरून चालले आहे.

माझ्या काळजीला चार ओळींचं तरी औषध पाठव.
आत्या


२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

परीक्षेला बसले होते. काकूंना कळवलं नव्हतं. काल निकाल आला.

तेवढेच आले, आत्या. एकही इकडेतिकडे नाही. बाबांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या, भिंगाखाली धरल्या, आणि मग काचा घासायला बसले.

आता तुला सांगते ते बाबांना सांगू नकोस. शेवटच्या पानावरचं एक गणित मला येत होतं. मी ते सोडवलं होतं. उत्तर लिहिताना मला आनंद झाला होता, हे पक्कं आठवतं, कारण तेवढ्याने मी वर जाणार होते. वेळ संपत आला तेव्हा पुन्हा पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं. कागद खरवडलेला होता आणि खोडरबर माझ्या हातात होता. मीच खोडलं असणार, दुसरं कोण खोडायला येणार. पण खोडल्याचं मला आठवत नाही. पुन्हा लिहायला वेळ होता. मी तशीच बसून राहिले.

मला तिथे जायचं होतं का, असं तू विचारशील. हो, जायचं होतं. केस पुसले तेव्हापासून जायचं होतं. पण चिंगी म्हणूनच जायचं होतं गं.

काकांना कळवलं. गुण बदलले नाहीत म्हणजे अट मोडली नाही, असं त्यांचं उत्तर आलंय. कॉलेज ऑगस्टात सुरू होतं. दुसरा रस्ता उरलेला नाही. तू बोलशील तेवढं थोडंच आहे, पण बोलणं बंद करू नकोस.
तुझी चिंगी


९ जुलै

सौ. ताईंस,
स. न. वि. वि. आपली ओळख नाही. मी चिंगीची आत्या.

ती तुमच्याकडे येते आहे. येऊ नये म्हणून मी करता येईल ते सगळं केलं, हे लपवत नाही. ते जमलं नाही, आणि यात तिच्या मनाचाही भाग आहे. तुम्ही तिला जे दिलंत ते मला द्यायला जमलं नव्हतं, त्यामुळे भांडायला माझ्याकडे फारसं काही नाही.

तुमचं दुःख मोठं आहे. त्यात बोट घालायचा मला हक्क नाही. पण ही मुलगी उद्धट आहे, अंगावर साबण राहिला तरी आंघोळ झाली म्हणते, पुस्तकाची पानं दुमडते, आणि भूक लागली की तिचं डोकं फिरतं. तुमची मिनू अशी नसणार. हिला मिनूची खोली द्या, पुस्तकं द्या, हवं तर चपलाही द्या. माझं एकच मागणं आहे. हाक मारताना तिला तिच्या नावाने मारा. आम्ही तिला चिंगी म्हणतो. पहिल्या पहिल्यांदा जड जाईल, पण म्हणा.

एवढं पाळलंत तर आपल्यात परकेपणा राहणार नाही.
आपली,
चिंगीची आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेज सुरू झालं. मास्तर चांगले आहेत, गणिताच्या तासाला मी पुढे बसते. फी पूर्ण भरली गेली. बाबांना सांग, मी व्यवस्थित आहे.

तुझं पत्र काकूंनी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मग मला म्हणाल्या, तुझ्या आत्याचं बरोबर आहे, मी प्रयत्न करते. खरंच करतात. तोंडात मि येतं की जीभ चावतात. मध्येच मुली म्हणतात, मध्येच नुसतं अगं म्हणतात. काकाही त्यांना आठवण करून देतात. तू म्हणतेस तशी मी इथे उद्धट नाही गं. पुस्तकाची पानं दुमडत नाही. का ते माहीत नाही, हातच होत नाही.

काल सकाळी मी टेबलाशी गणित सोडवत होते. खाली सायकलवाल्याची ठोकाठोक चालली होती. कुणीतरी चिंगी, चिंगी अशी हाक मारत होतं. मला चांगलं ऐकू येत होतं. गल्लीतल्या कुठल्याशा पोरीला तिची आई बोलावते आहे, असं वाटलं, आणि ती पोरगी ओ का देत नाही म्हणून तिचा रागही आला. मी गणित पुढे चालू ठेवलं.

मग जिना वाजला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. म्हणाल्या, मी तुझ्या नावाने किती हाका मारल्या, आज मला नीट जमलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्याही माझ्याकडे बघत राहिल्या. आम्ही दोघीही घाबरलो होतो. मग त्यांनी अगदी हळू मिनू म्हटलं, आणि मी ओ दिली.

आत्या, लवकर पत्र टाक. त्यात माझं नाव घाल. वर एकदाच नको, जमेल तितक्या वेळा घाल.

तुझी भाची