बोलक्या पाटीचा आवाज

६ जानेवारी

बोलकी पाटी एकदाची तयार! चौकोनी बटणं, प्रत्येकावर चित्र. दाबलं की शब्द ऐकू येतो. ही सरकारसाठी. सरकार म्हणजे माझी सात वर्षांची पेशंट. हातपाय ताठर, जीभ ऐकत नाही, पण डोळ्यांनी हुकूम सोडते. सगळं कळतं आणि सांगता येत नाही, याचा तिला भयंकर राग आहे. मलाही!

रविवार सगळा त्यात गेला. पाणी, भूक, नको, अजून, आई... सगळे शब्द माझ्याच आवाजात भरले. स्पष्ट, गोड. स्वतःवर खूष आहे.

८ जानेवारी

पाटीचा पहिला तास. साबणाचे बुडबुडे उडवले आणि थांबले. आमच्या वाचा-उपचाराच्या कामात निम्मा वेळ थांबायचंच असतं – मूल मागेपर्यंत तोंडाला कुलूप. सरकारची मूठ हवेत भटकली, माझ्या चष्म्यावर आपटली, शेवटी बटणावर पडली. "अजून!" मग काय विचारता – अजून, अजून, अजून! साबण संपला. मी चक्क नाचले. शेजारच्या खोलीतले व्यायामवाले सर डोकावून म्हणाले, "यातलं पेशंट कोण नक्की?"

पाटी तिच्याबरोबर घरी पाठवली.

१५ जानेवारी

पाटी कपाटात ठेवलीय! तिच्या आईनेच सांगितलं. सरकार माझ्याकडे डोळे वटारून बघतेय. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं – का हो?

आई म्हणाली, "मॅडम, सकाळी उठल्या उठल्या ती 'आई'चं बटण दाबते. सात वर्षं वाट बघितली मी त्या शब्दाची. आणि येतो कुणाचा आवाज? तुमचा! नाही हो सहन होत."

पाटी कपाटात राहिली तर पोर पुन्हा मुकी. आणि हे सगळं माझ्या हौशीपायी. फार वाईट वाटलं.

१६ जानेवारी

रडून झालं. आवाज बदलायचा. कुणाचा, ते सरकार ठरवेल!

२२ जानेवारी

आज आवाजांची परीक्षा, सरकारच्या घरचे सगळे हजर. आवाज भरायला आधी लाल बटण दाबायचं, मग चित्राचं, आणि बोलायचं. सरकार खुर्चीत न्यायाधीशासारखी. मामेबहिणीने शाळेत धडा वाचतात तसं "पाणी" म्हटलं – नापास. आईचा आवाज – मान फिरवली! आई म्हणाली, "बघा! घरात ऐकते तेवढा पुरे झालाय तिला."

शेवटी आजोबांनी गंमत म्हणून खाकरून, घोगऱ्या आवाजात भरलं – "पाणी आणा!" सरकार किंचाळली. हसून हसून ठसका लागला तिला. हाच हवा!

"अगं, पोरीला असला फाटका आवाज?" आजोबा म्हणत राहिले, पण खुलले होते. आईची हसून पुरेवाट. मग आजोबाच बसून एकेक बटण भरत गेले.

फक्त 'आई'च्या बटणाला कुणी हात लावला की सरकार आकांडतांडव करायची. आजोबा नकोत, आई नको, बहीण नको. मी तर नकोच नको! शेवटी माझा आवाज पुसून ते बटण रिकामंच ठेवलं.

आईचा चेहरा पडला. "राहू दे," म्हणाली. पाटी मात्र घेऊन गेली. जीव भांड्यात पडला.

२९ जानेवारी

घरात दोन आजोबा झालेत म्हणे! आई पाण्याचा पेला घेऊन खऱ्या आजोबांकडे धावते, ते म्हणतात, "मी कुठे मागितलं?" आणि सरकार गालातल्या गालात हसते. आगाऊ!

'आई'चं बटण अजून मुकंच. आई हसत सांगत होती सगळं, पण तिथे आल्यावर थांबली. मीही विषय बदलला.

५ फेब्रुवारी

आज तासाला आई बाहेर बाकावर बसली होती. मधेच सरकारने 'आई'चं बटण दाबलं. पाटीतून आवाज आला – "अँऽऽह!" सरकारचे ओठ मिटलेले. तिचाच आवाज – घरी कधीतरी एकटीने भरलेला! दोन वर्षं ऐकतेय मी तिचं हे "अँऽऽह". नुसतं कुरकुरणं समजत होते.

मी दाराकडे वळणार, तोच बाहेरून आई नेहमीच्या सवयीने ओरडली – "आले गं, आले!"